झाकण उघडायचं नाही

मराठी मंडळाच्या वाद्यवृंदाला बेस गिटार वाजवणारा मिळणं कठीण असतं. आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या मंडळात चौघे होते, आणि त्या चौघांत जेवढी भांडणं झाली तेवढी मंडळाच्या निवडणुकीतही झाली नसतील. मी त्या चौघांतली एक, त्यामुळे निःपक्षपातीपणाची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती कानाला कळत नाही, पोटाला कळते. कार्यक्रम संपला की लोक गायिकेला घेरतात, तबलजीचा हात हातात घेतात आणि आम्हाला विचारतात, "तुम्ही साउंडवाल्यांपैकी का?" अशा माणसांना मतं फार असतात. कोणी विचारत नाही म्हणून ती आत साठत जातात आणि मग एकमेकांवरच काढावी लागतात.

आमचा सगळा वाद एका घडणीवरून होता. कंपनीचं नाव घेत नाही, पण चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं: दोन शिंगांचं लाकडी अंग, लांब दांडा, आणि मधोमध तारांचा थरथराट पकडून वायरीत पाठवणारा एकच पिकअप, तोही दोन तुकड्यांत, एक जरा वर, एक जरा खाली. बटणं दोन. सत्तरेक वर्षांत तिच्यात फारसं काही बदललेलं नाही. माझं म्हणणं, बदलायचं काय? वरणभातात कोणी सुधारणा करतं का?

आमच्यातला पुणेकर म्हणायचा, करतात. पुणेकर म्हणजे माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्याच्या बेसला पाच तारा, पोटात बॅटरी आणि इतकी बटणं की तालमीची पहिली वीस मिनिटं ती लावण्यातच जायची. "सत्तर वर्षांपूर्वीचं डिझाइन आहे यार," तो मला ऐकवायचा. "तेव्हाच्या फोनला डायल होती. तो फोन वापरतेस का तू?"

तिसरा दादरकर. हा एका औषध कंपनीत, बोलायला गोड आणि हट्टाला पक्का. त्याचं मत असं की घडण बरोबर आहे पण बहीण चुकली. त्याच कंपनीची दुसरी एक बेस आहे, दोन पिकअपवाली, बारीक दांड्याची, आणि शहाण्या माणसाने तीच घ्यावी. "तुझ्या त्या जाड नेकवर हात ठेवला की बसच्या दांड्याला लटकल्यासारखं वाटतं," असं तो माझ्या तोंडावर म्हणाला होता. मी त्याला म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्यानंतर दोन तालमी आम्ही एकमेकांशी फक्त गायिकेमार्फत बोललो.

चौथे काका. ह्या सगळ्याचं मूळ तेच.

काका निवृत्त डॉक्टर, भूलतज्ज्ञ. मेडिकल कॉलेज संपवून इकडे आले तेव्हा वूस्टरच्या इस्पितळात नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी, गाडी घेण्याआधी, त्यांनी ही बेस घेतली. तीही जुनी, कोणीतरी वापरून टाकलेली. "भूलतज्ज्ञाचं आणि बेसवाल्याचं काम एकच," ते म्हणायचे. "नीट केलं तर कोणाला पत्ता लागत नाही. चुकलं की बोंबाबोंब." इस्पितळातल्या बँडमध्ये त्यांनी ती वाजवली, मग मंडळ निघालं तेव्हा मंडळात वाजवली, आणि त्यांचा आवाज सगळ्या मॅसॅच्युसेट्समधल्या मराठी लोकांना ठाऊक झाला. लांबणारा सूर नाही. डग्ग्यावर तळहात पडावा तसा ढब्, आणि लगेच थांबायचा.

त्या आवाजाचं गुपित एका झाकणाखाली होतं. ह्या घडणीच्या बेसला, जिथे तारांची टोकं अडकवलेली असतात तिथे, स्टीलचं एक चकचकीत झाकण येतं. आत फोमची पट्टी असते. ती तारांना टेकते म्हणून सूर लांबत नाही. झाकण हाताला आडवं येतं, त्यामुळे बहुतेक वादक ते पहिल्याच दिवशी काढून फेकतात. अमेरिकन लोक त्याला ऍशट्रे म्हणतात, कारण काढल्यावर त्याचा तेवढाच उपयोग. काकांनी ते कधी काढलं नव्हतं. "आतला फोम ओरिजिनल आहे, कंपनीचा," ते दर कार्यक्रमाला सांगायचे. "पन्नास वर्षांत झाकण उघडलेलं नाही. आणि उघडायचंही नाही." कोणी नुसतं बोट लावलं तरी त्यांचा आवाज चढायचा, आणि एरवी हा माणूस कोणावर ओरडत नसे.

ती बेस मला हवी होती. उगाच आडपडदा ठेवत नाही, हावरटासारखी हवी होती. मी नवऱ्याच्या व्हिसावर ह्या गावात आले तेव्हा मला नोकरी करायची परवानगी नव्हती. नागपुरात मी चाळीस माणसांच्या टीमवर ओरडणारी बाई होते, आणि इथे दुपारी तीन वाजता शाळेच्या बसची वाट बघत उभी असायचे. पहिल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसले होते. गाणं काय होतं ते आता आठवत नाही, पण तो ढब् पोटात लागला आणि मला उगाचच रडू आलं. कार्यक्रम संपल्यावर जाऊन काकांना म्हटलं, मला हे शिकवा. त्यांनी माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली, पेशंटची बघतात तशी, आणि म्हणाले, "शनिवारी ये. नखं काप." सहा वर्षं मला ग्रीन कार्ड मिळालं नाही, आणि त्या सहा वर्षांत मला बाहेरच्या कोणी सांगितलेलं काम एवढं एकच होतं.

तर मागच्या वर्षी काकांनी जाहीर केलं की बोटं आता ऐकत नाहीत. घर विकायला काढलंय, ते आणि काकू मुलीकडे, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला रेडमंडला राहायला जाणार, आणि बेस ते आमच्या तिघांपैकी एकाला देऊन जाणार. कोणाला, ते दसरा झाल्यावरच्या रविवारी ठरेल. "रीतसर बघण्याचा कार्यक्रम करू," ते म्हणाले. "ही पोहे करेल. तुम्ही तिघे बघायला या. मी मुलीचा बाप. तुमची मतं ऐकेन आणि ठरवेन." पुणेकर हसला. दादरकरने त्याच दिवशी केस कापून घेतले, हे मी स्वतः पाहिलं.

आणि इथे माझं नशीब फळफळलं, असं मला तेव्हा वाटलं. घर विकणाऱ्या बाईने काकांना बजावलं होतं की लोक घर बघायला येतील तेव्हा खोल्या मोकळ्या दिसायला हव्यात. आठवडाभरासाठी बेस कोणाकडे तरी ठेवणं भाग होतं. काकांनी ती माझ्याकडे दिली. केसचं कुलूप लावता लावता म्हणाले, "वाजव हवी तेवढी. झाकण उघडायचं नाही."

"काका, मी काय वेडी आहे का?" मी म्हटलं.

त्या आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या माहेरी त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला लागायचं, वडिलांच्या पान्यांपासून आईच्या विळीपर्यंत, आणि मांडण्याआधी ती वस्तू घासूनपुसून लख्ख व्हायला हवी हा आईचा दंडक. अमेरिकेत आल्यावर मी लॅपटॉप मांडते, गाडीची किल्ली मांडते, नवऱ्याचा ड्रिल मांडते. त्या वर्षी काकांची बेस होती. ती तर सगळ्यांच्या मधोमध बसायला हवी होती.

मी सकाळी लवकर उठून ओल्या फडक्याने पुसायला घेतली. अंग झालं, दांडा झाला. झाकणाच्या कडेला मात्र काळपट मळ होता, आणि एका फटीत चक्क जुनं वाळलेलं कुंकू. फडकं आत जाईना. कुंकवावर कुंकू लावायचं? आईचा चेहराच डोळ्यांपुढे आला. मी नवऱ्याच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, दोन स्क्रू फिरवले आणि झाकण उचललं. वचन मोडतेय हे मनात आलंच नाही असं नाही. आलं होतं, पण पूजेसाठी आहे म्हणून मी ते सोडून दिलं.

आत पिवळट, पापडासारखा कडक झालेला एक तुकडा चिकटला होता. बोट लावताच कोपरा तुटला. घाण, असं म्हणून मी तो खरवडला आणि कोथिंबिरीच्या देठांबरोबर कचऱ्यात टाकला. झाकण घासलं, लावलं. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. फार समाधान वाटलं.

मग हौसेने चार सूर वाजवून बघितले. बेस टणटणत होती. एक सूर सोडला की तो खोलीभर फिरून परत यायचा. पन्नास वर्षांचा मूळ फोम! मी धावत बाहेर गेले. तो दिवस आमच्या गल्लीतला कचऱ्याचा होता. गाडी कोपऱ्यावर वळत होती. मी गाउनवर, हातात झेंडू, दोन घरं पुढेपर्यंत पळाले. समोरच्या म्हाताऱ्याने हात हलवून मला गुड मॉर्निंग केलं.

पुढचे दोन तास मी काय काय कोंबलं ते सांगायची लाज वाटते. मायक्रोवेव्हच्या खोक्यातला थर्माकोल. योगा मॅटचा तुकडा. नवऱ्याचा धुतलेला मोजा, मग न धुतलेला. ऑफिसची मीटिंग मी कॅमेरा बंद करून ऐकली आणि म्यूट करून वाजवत राहिले. शेवटी वैतागून भांडी घासायचा नवा स्पंज घेतला, पट्टी कापली आणि बसवली.

ढब्.

मी पुन्हा वाजवलं. ढब्. तोच आवाज. निदान मला तरी तोच वाटला. नवऱ्याला बोलावून आधीचं रेकॉर्डिंग आणि हे, दोन्ही ऐकवलं. तो म्हणाला, "मला तर तुम्हा सगळ्यांचं सगळंच सारखं ऐकू येतं." ह्या माणसाशी माझं लग्न झालंय. मी झाकण घट्ट केलं आणि स्वतःला समजावलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारी बघण्याचा कार्यक्रम झाला. काकांची बैठक अर्धी खोक्यांत भरलेली होती, पण सोफा होता आणि सोफ्यासमोर, मी सकाळी परत आणून दिलेली बेस स्टँडवर उभी केलेली. काकूंनी तिच्यावर शालसुद्धा टाकली होती. आधी दादरकरने वाजवली. डोळे मिटून. मग हळूच झाकणावर हात ठेवून म्हणाला, "काका, बाकी काही म्हणा, ह्या फोमचं कॅरेक्टर वेगळंच आहे. फिफ्टी इयर्सचं एजिंग. हे आज मिळत नाही."

बुधवारच्या खंडेनवमीपर्यंत तो आमच्या सिंकखालच्या पाकिटात होता. मी मूग गिळून बसले.

"फोम नाही रे, लाकूड," पुणेकर म्हणाला. "लाकूड वाळलंय म्हणून असं वाजतं. फोम काय, फोम केमिकल आहे, सडतो. पण ह्या केसमध्ये नाही सडलेला, हे मान्य." मग दोघांची जुंपली. एक म्हणे सगळी जादू फोमची, दुसरा म्हणे लाकडाची, आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी दोघांनाही झोडपलं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मी उठून म्हटलं, "काकूंना मदत करते," आणि स्वयंपाकघरात सटकले.

काकू ओट्याशी पोह्यांवर खोबरं पेरत होत्या. त्या डावऱ्या आहेत, आणि काहीही करताना जरा तिरक्या उभ्या राहतात. मी दार लोटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झाकण, कुंकू, कचऱ्याची गाडी, स्पंज. म्हटलं, "काकू, मी काकांना आत्ता जाऊन सांगते. बेस मला नकोच मग. पण ते मला घरात घेतील का पुन्हा?" बोलता बोलता माझे डोळे भरून आले.

काकूंनी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली, पदर तोंडात कोंबला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. मग त्यांनी सिंकखालचं कपाट उघडलं आणि स्पंजांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. एकाचा कोपरा तिरका कापलेला होता.

"अगं, तू टाकलास तो माझा होता. मागच्या खंडेनवमीचा."

मी तो तिरका कोपरा उलटसुलट करून पाहिला.

"वूस्टरला अपार्टमेंटमध्ये होतो तेव्हा," काकू सांगायला लागल्या. "ह्यांची नाइट ड्यूटी. दुपारी उठले की वाजवत बसायचे. कंपनीचा फोम तेव्हाच मेला होता, त्याचा चुरा रोज मी कार्पेटवरून काढायचे. एक दिवस सगळाच काढून टाकला केरात. तर आवाज दुप्पट! खालची बाई झाडूने छत ठोकायला लागली. मग मी भांड्याचा स्पंज कापून दिला कोंबून. बाई गप्प. संध्याकाळी हे वाजवायला बसले आणि म्हणतात कसे, 'आज काय मस्त आवाज लागलाय!' मी काय बोलणार? तेव्हापासून दर खंडेनवमीला पुसायच्या निमित्ताने जुना काढते, नवा घालते. वास येतो गं त्याला. मला सरळ कापता येत नाही, पण चालतं."

"काकांना माहीत नाही?"

"छे! आणि तू सांगितलंस तर बघ. लोकांना ओरिजिनल ओरिजिनल सांगताना कसे फुलतात, बघितलंस ना?" त्यांनी पाकीट परत कपाटात ठेवलं. मग पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता, हसू तसंच ठेवून म्हणाल्या, "यंदा माझं राहिलंच ते. आता तर बेसच चालली. रेडमंडला सगळं घर मुलीचं, सगळी कामं मशीनची. एवढं एक माझं होतं."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले ती हवेत तरंगतच. सुटले होते मी. कोणाचंही काही बिघडलेलं नव्हतं. बाहेर काका बेस मांडीवर घेऊन बसले होते. वाकड्या झालेल्या बोटांनी त्यांनी चार सूर वाजवले, थांबले, पुन्हा तेच चार वाजवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गराजमधून जुनी केस आणायची आहे. चल, जड आहे."

केस जड नव्हती. काकांनी गराजचं दार मागे ओढून घेतलं.

"कोणी कापला?" त्यांनी विचारलं.

"काय काका?"

"स्पंज. हिचा तिरका असतो. जाड तारेवर गच्च बसतो आणि बारीक तारेपर्यंत येता येता मोकळा होतो. हा सरळ आहे. चारही तारा एकसारख्या बसल्यात."

मी खोक्यावर बसले. "तुम्हाला माहीत आहे?"

"अगं, झोपलेल्या पेशंटचा श्वास इतकासा बदलला तर मला कळायचं. माझ्या बेसचं नाही कळणार? पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दरवर्षी खंडेनवमीनंतर आवाज जरा जाड होतो, मग महिन्याभरात बसतो. मी वाट बघतो त्याची."

"मग ते ओरिजिनल, पन्नास वर्षं, झाकण उघडायचं नाही..."

"तसं म्हटलं नसतं तर तुमच्यापैकी कोणीतरी उघडलं असतं. भांड्याचा स्पंज म्हणून हसला असतात. मग हिने कापणं सोडलं असतं." काकांनी केसवरची धूळ हाताने झटकली. "तिला वाटतं मी फसलोय. आता जे आहे ते राहू दे. तू एक शब्द बोलायचा नाहीस. आणि ऐक, मी ठरवलंय. बेस तुलाच. आत जाऊन एक प्रश्न विचारणार आहे सगळ्यांना, नुसता उपचार म्हणून. हिच्यात काय बदलाल? ते दोघे यादी काढतील. तू म्हण, काही नाही. संपलं."

इतकं सोपं होतं. मी केस उचलून त्यांच्या मागून आत गेले. स्वयंपाकघराच्या दारात काकू उलथनं हातात घेऊन उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होत्या, त्यांना वाटत होतं की आमच्या दोघींचं गुपित आहे. समोर काका बसले, तेही तसेच हसत. आणि मधे ती बेस. ती माझ्या घरी आली की पुढच्या खंडेनवमीला झाकण मी उघडणार होते, आणि काका रेडमंडला कशाची वाट बघणार होते?

काकांनी प्रश्न विचारला. पुणेकर म्हणाला, "प्रामाणिकपणे सांगू? आतली वायरिंग, पिकअप आणि नेक. लाकूड तेवढं ठेवेन." दादरकर म्हणाला, "एक पिकअप ऍड करेन फक्त. आणि नेक तासून घेईन थोडा." काकांनी दोघांकडे दयेने पाहिलं आणि माझ्याकडे वळले. ओठांवर उत्तर तयार ठेवून, शाळेत मास्तर लाडक्या विद्यार्थ्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "आणि तू?"

"मी पहिल्यांदा ते झाकण उपटून फेकेन," मी म्हटलं.

दादरकरने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आणि आतलं ते जे काय कुजकं आहे ते टाकून देईन," मी पुढे बोलत गेले, कारण थांबले असते तर रडले असते. "कोऱ्या करकरीत तारा घालेन. टणटणीत वाजायला हवी. हे ढब् ढब् काय, कोणी गाद्या बडवतंय असं वाटतं. खरं सांगू काका, ह्या घडणीत एवढं काय आहे ते मला कधी कळलंच नाही."

"अगं, तू?" दादरकर ओरडला. "सहा वर्षं डोकं खाल्लंस आमचं!"

काका माझ्याकडे बघत राहिले. आधी रागाने. मग त्यांची नजर हळूच दाराकडे गेली, काकूंच्या हातातल्या उलथन्यावर थांबली, आणि परत माझ्यावर आली. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या पुसण्याला बराच वेळ लागला.

"मग काय," ते म्हणाले. "तिघांनाही मुलगी पसंत नाही. घेऊन जावं लागणार रेडमंडला." आणि दाराकडे बघून, वैतागल्याचा आव आणून म्हणाले, "ऐकलंस का? हे धूड तुलाच पुसावं लागणार अजून दहा वर्षं."

"माझ्या नशिबी दुसरं काय आहे?" काकू म्हणाल्या, आणि इतक्या झटकन आत वळल्या की उलथनं दारावर आपटलं.

घरी जाताना मी गाडी वाटेत एका पार्किंग लॉटमध्ये लावली आणि मनसोक्त रडले. मोठेपणाबिठेपणा काही वाटत नव्हता. ती बेस गेली होती, ती मला अजून हवी होती, आणि हात दाखवून अवलक्षण मीच करून घेतलं होतं. शिवाय मंडळात माझी जी शोभा व्हायची ती झालीच. पन्नास वर्षांचा फोम कुजका म्हणणारी बाई, अशी माझी ओळख झाली. पुणेकर अजून ती गोष्ट नव्या लोकांना सांगतो. दादरकर मात्र आता माझ्याशी फार प्रेमाने वागतो, मला त्याची ती दोन पिकअपवाली दाखवतो, कारण त्याला वाटतं की मी सुधारते आहे. खरं सांगून दोघांची तोंडं बंद करता येतील, हे दर तालमीला मनात येतं. माझ्यासारख्या उचलली जीभ लावली टाळ्याला बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते नवऱ्याला विचारा.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी मी माझी बेस पूजेला मांडत होते. माझीही त्याच घडणीची, पण नवी. फोन वाजला. काकूंचा फोटो आला होता: पाटावर कात्री, शेजारी स्पंजाचा तुकडा, एक बाजू जाड, एक बारीक. खाली लिहिलं होतं, "इथले स्पंज निळे असतात. काही कळलं नाही ह्यांना."

तासाभराने काकांचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसतं रेकॉर्डिंग. चार सूर, अडखळत, बोटं दुखत असावीत. जाड तारेवर गच्च, आणि बारीक तारेपर्यंत येता येता मोकळे. शेवटच्या सुरानंतर मागून कुठून तरी काकूंचा आवाज आला, "काय मस्त लागलाय हो आज!"

मी ते तीनदा ऐकलं. मग काकूंना लिहिलं, त्यांना कधीच कळणार नाही. काकांना लिहिलं, त्यांना कधीच कळणार नाही. आणि उदबत्ती लावली.